कुणाकडे

खराडीच्या या गेटवर माझ्यापुढं एक वही असते.
नाव, गाडी नंबर, कुणाकडे,
आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ, सही.
जेवण घेऊन येणारी पोरं सहीच्या जागी एक वेटोळं काढतात
आणि हेल्मेट न काढताच लिफ्टकडे पळतात.
त्यांची हेल्मेटं लाल, नारिंगी.
माझं निळं होतं.

इथं कुणाला सांगत नाही. एकदा सांगितलं,
बी विंगमधल्या शार्दूलला. त्याला शाळेसाठी
संयुक्त राष्ट्रांवर दहा ओळी लिहायच्या होत्या.
काका, तुम्ही जिंकलात का?
म्हटलं, बाळा, आम्ही जिंकायला गेलो नव्हतो.
मग कशाला गेला होतात?
तेवढ्यात पाण्याचा टँकर आला.

जुबाच्या वर, बोटीनं दोन दिवस.
काळी माती, सोलापूरकडं असते तशी,
पावसात बूट धरून ठेवणारी.
आम्ही सॅपर. चर खणला, बांध घातला, तार ओढली,
बाजाराच्या रस्त्यावर रोज दोनदा गाडी फिरवली.
अकरा महिने त्या बाजारात काही झालं नाही.
बायांनी वाळली मासळी विकली, ज्वारी विकली.
न्यालुआक मला रोज जास्तच भाव सांगायची
आणि मी रोज तेवढाच द्यायचो.
एवढंच आमचं यश.
न घडलेल्या गोष्टीचा फोटो निघत नाही.

बाराव्या महिन्यात एका रात्री बाजारच गेटवर आला.
शेळ्या, गाद्या, पातेली, आजारी माणसं खाटेसकट.
कॅप्टनसाहेब रेडिओवर बसले.
रेडिओनं जुबाला विचारलं, जुबानं आणखी कुणाला,
तिकडं ऑफिस सुटायची वेळ असेल.
आदेशात लिहिलं होतं: नागरिकांचं रक्षण करावं,
शक्य तेवढं.
हे दोन शब्द अजून दाढेत आहेत,
पेरूच्या बीसारखे.

वीस मिनिटं गेली. मग साहेबांनी उत्तराची वाट न बघता हात केला.
दोन हजार एकशे चौदा आत.
मी मोजले, वहीत लिहिले, रेशन त्यावर मिळणार होतं.
त्या वीस मिनिटांत जे चराच्या पलीकडं राहिले
त्यांच्यासाठी वहीत रकाना नव्हता.
न्यालुआकचं नाव आत आलेल्यांत नाही.
दोनदा पाहिलं.
आता खोटं कशाला, अजून पाहतो.

मेडल सगळ्यांना एकच मिळालं.

परवा रात्री पावणेदोनला
समोरच्या साइटवरच्या पत्र्याच्या खोल्यांतून
एक बाई धावत आली. कपाळातून रक्त, पायात एकच चप्पल.
मागं नवरा, हातात सळई.
नियम असा की फ्लॅटच्या परवानगीशिवाय बाहेरच्याला आत घेऊ नये.
चेअरमनकडं इंटरकॉम लावला.
वाजला. वाजत राहिला.
सहाव्या रिंगेला मला काळ्या मातीचा वास आला.

बूम वर केला.
तिला केबिनमध्ये बसवलं, सळई हिसकावून घेतली
आणि टॉर्च घेऊन बाहेर उभा राहिलो.
नुसतं उभं राहणं. ते मला येतं.
नवरा शिव्या देत उभा होता, मग बसला,
मग फुटपाथवरच झोपला, लहान पोरासारखा, तोंड उघडं.

वही उघडली. फुलेश्वरी, बिलासपूर. गाडी नाही.
कुणाकडे?
पेन थांबलं. मग लिहिलं: माझ्याकडे.

पहाटे पंप सुरू करायला गेलो तेवढ्यात ती गेली,
त्यालाच उठवून, त्याच्याच मागनं.
चेअरमननी मेमो दिला, इंग्रजीत, दोन परिच्छेद.
घेतला, सही केली. माझी सही अजून सरळ येते.

तिची बाहेर गेल्याची वेळ कोरी आहे.
सळई राहिली माझ्याकडं.
नदीकडून वारा सुटला की केबिनचं दार आपटतं,
ते उघडं राहावं म्हणून लावतो.